समोसा आणि सामोआ

२०२५ च्या जुलैत आठवडाभर समोसा आणि जिलबीवर जेवढं बोललं गेलं, तेवढं अर्थसंकल्पावरही बोललं जात नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कचेऱ्यांना पत्र पाठवलं होतं की, कोणत्या पदार्थातून किती तेल आणि किती साखर पोटात जाते हे सांगणारे फलक लावा. नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन त्याची बातमी झाली, आणि बातमीची अफवा झाली : आता समोशावर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार. मग काय विचारता! 'आमच्या आजोबांनी जन्मभर जिलबी खाल्ली आणि नव्वदी गाठली' म्हणणारे एका बाजूला, 'जिभेवर ताबा नाही आणि सरकारला दोष' म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि 'पिझ्झा सोडून गरिबाच्या गाडीवर का आलात' विचारणारे तिसऱ्या. १५ जुलैला सरकारने खुलासा केला की कोणत्याही विक्रेत्याच्या पदार्थावर इशारा छापायचा नाही, रस्त्यावरच्या देशी खाण्यावर रोख नाही. सगळे घरी गेले. नऊ दिवसांनी, २४ जुलैला, भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात ब्रिटिश बिस्किटं, चॉकलेटं आणि शीतपेयं यांच्यावरचं आयातशुल्क कमी करण्याचीही तरतूद आहे. व्हिस्की आणि मोटारींवर रकाने भरले. बिस्किटांवर एक विनोदही मला कुठे दिसला नाही.

लठ्ठपणाचा वाद आपण असा चुकीच्या टोकाला धरून घालतो. जीभ, ताट, आजोबा आणि इच्छाशक्ती एवढ्यातच तो फिरतो. त्यात कोणी आंतरराष्ट्रीय कायद्याचं किंवा मानवी हक्कांचं नाव काढलं, की 'आता युनो आमच्या ताटात डोकावणार का?' असा टोला ठरलेला. माझं म्हणणं सरळ आहे. आंतरराष्ट्रीय कायदा आपल्या ताटात डोकावत नाही, तो केव्हाच पाट मांडून बसला आहे. फक्त तो व्यापाराच्या दाराने आला. हक्कांचा कायदा त्याच्याशेजारी बसवायचा की नाही, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

व्यापाराच्या दाराने येणं म्हणजे काय, हे कळायला समोसा सोडून सामोआला गेलं पाहिजे. प्रशांत महासागरातला हा बेटांचा देश. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. टर्की पक्ष्याच्या शेपटीकडचा, तैलग्रंथीचा तुकडा म्हणजे चरबीचा गोळाच. अमेरिकेत छातीचं मांस विकलं जातं, शेपटाला फारसं कोणी विचारत नाही. मग ती शेपटं गोठवून बेटांवर पाठवली जात. मासळीपेक्षा स्वस्त, त्यामुळे मासे आणि अळूचे कंद यांच्यावर जगणाऱ्या घरांत ती रोजची झाली. मधुमेह आणि लठ्ठपणाने हैराण झालेल्या सामोआने २००७ साली या शेपटांच्या आयातीवर बंदी घातली. पुढे हा देश जागतिक व्यापार संघटनेत जायला निघाला, तेव्हा प्रवेशाच्या अटींत ही बंदी आली. आयातबंदी उठवा, त्याऐवजी काही काळ ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावा, असं ठरलं आणि मे २०१२ मध्ये सामोआ सदस्य झाला. कोणी जबरदस्ती केली नाही, हे खरं. दारात उभा राहिलेला देश सह्या करतोच. पण त्या वाटाघाटींच्या टेबलावर टर्कीच्या शेपटाची बाजू मांडायला नियम होते, सामोआतल्या मुलांच्या यकृताची बाजू मांडायला तेवढे भक्कम नियम नव्हते. कोणतं स्वातंत्र्य इथे जपलं गेलं? खाणाऱ्याचं?

याच्या शेजारी उरुग्वे ठेवून पाहा. हाही छोटा देश. तेव्हाचे अध्यक्ष ताबारे वास्केस स्वतः कर्करोगतज्ज्ञ. सिगारेटच्या पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्याने व्यापायचा आणि एका ब्रँडचा एकच प्रकार विकायचा, असे नियम उरुग्वेने केले. त्यावर फिलिप मॉरिसने २०१० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचलं. आधार होता गुंतवणूक संरक्षणाचा स्वित्झर्लंडशी केलेला करार. म्हणजे आपल्या नागरिकांच्या फुप्फुसांसाठी केलेला नियम ही परक्या गुंतवणूकदाराच्या मालमत्तेची हानी! जुलै २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला आणि कंपनीने त्याला खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यावेत असाही आदेश झाला. उरुग्वेच्या हातात असं काय होतं, जे सामोआच्या हातात नव्हतं? २००३ साली मंजूर झालेला आणि २००५ पासून लागू असलेला तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार. लवादापुढे जागतिक आरोग्य संघटनेने आपलं निवेदन दिलं, आणि हा इशारा म्हणजे एका देशाची लहर नसून जगाने मान्य केलेला उपाय आहे, हे सांगायला कागद होता. अन्नाच्या बाबतीत असा कागद नाही. २०१४ साली ग्राहक संघटनांनी आणि लठ्ठपणाविरुद्ध काम करणाऱ्यांनी तसा करार करण्याचा प्रस्ताव मांडला. तो अजून प्रस्तावच आहे.

हक्कांची भाषा मात्र आहे, आणि तिच्यावर आपली सही आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा १९६६ चा करार भारताने १९७९ साली स्वीकारला. त्याचं बारावं कलम आरोग्याचा हक्क सांगतं, अकरावं पुरेशा अन्नाचा. बालहक्कांचा करार आपण १९९२ मध्ये मान्य केला. त्याच्या चोविसाव्या कलमात कुपोषणाशी लढताना 'पुरेसं पोषक अन्न' असे शब्द आहेत, नुसते 'पोटभर' नाहीत. १९६६ च्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००० साली आरोग्याच्या हक्काचा अर्थ फोडून सांगितला : राज्याने स्वतः हक्क मोडू नये, दुसऱ्याला मोडू देऊ नये, आणि तो प्रत्यक्षात यावा म्हणून झटावं. यातली मधली जबाबदारी आपल्या वादात कोणी उच्चारतच नाही. कंपन्यांना आवर न घालणं हाही हक्कभंग, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. २०१४ मध्ये याच धाग्यावर अपायकारक अन्नाविषयीचा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेपुढे ठेवला तो आरोग्यहक्काचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक आनंद ग्रोव्हर यांनी. मुंबईत १९८१ साली सुरू झालेल्या लॉयर्स कलेक्टिव्हचे ते एक संस्थापक. परक्यांचं खूळ म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्यातला बराच मजकूर आपल्याच माणसाने लिहिलेला आहे.

आता विरोधी बाजू. तिच्यातलं सगळ्यात वजनदार म्हणणं स्वातंत्र्याचं आहे, आणि मराठी माणसाला ते इतिहासातूनच कळतं. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले. माणसं ओढून छावणीत नेली, देवघरापर्यंत बूट गेले. हेतू रोग थांबवण्याचाच होता. वॉल्टर रँड स्वतःला दुष्ट समजत नसणार. आरोग्याच्या नावाने राज्य घरात शिरतं तेव्हा काय होतं, याची ती आठवण आहे आणि ती पुसू नये. आजही हा धोका आहे. जपानने २००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांच्या कंबरा मोजायला सुरुवात केली. पुरुषांना ८५ सेंटिमीटर, बायकांना ९०. आकडा ओलांडला की समुपदेशन, आणि उद्दिष्ट गाठलं नाही तर आर्थिक भुर्दंड विमा चालवणाऱ्यांना. तिथल्या कचेरीत जाड माणसाकडे सहकारी कोणत्या नजरेने पाहत असतील?

पण हा आक्षेप मानवी हक्कांच्या विरुद्ध जातो की बाजूने? रँडला अडवू शकेल असा कायदा म्हणजेच तर मानवी हक्कांचा कायदा. उपाय गरजेपुरता हवा, कमीत कमी जाचाचा हवा, माणसाची मानखंडना करणारा नको, ही त्याचीच शिकवण. म्हणून तो टेप घेऊन कंबरेकडे जाऊ देत नाही, पुड्याकडे जायला सांगतो. आणि गंमत अशी की आपल्या वादातले 'जिभेवर ताबा ठेवा' म्हणणारे लोक स्वातंत्र्यवादी वाटतात, पण त्यांचा सगळा रोख शरीरावरच असतो. लग्नाच्या पंगतीत 'अगं, दुसरा गुलाबजाम?' असं मोठ्याने विचारणारी मावशी आणि तो टेप यांच्यात फरक फक्त शिक्क्याचा आहे. लाजवून कोणाचं वजन उतरलेलं मी पाहिलेलं नाही. लाजून डॉक्टरकडे जाणं टाळणारी माणसं मात्र पाहिली आहेत.

'ज्याची त्याची निवड' हा दुसरा मुद्दा. तो तपासायला मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाण्याकडे गेलो. आकड्यांना पुड्यांच्या लड्या लटकलेल्या : पाच रुपये, दहा रुपये. शाळेच्या फाटकापासून मी पावलं मोजली, तीस भरली. शाळेच्या आवारात आणि त्याभोवती ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला आहे. तो वाण्याला माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोष त्याचा नाही. एक पुडा घेऊन मागची बाजू वाचू लागलो. चष्मा लावूनही अक्षर लागेना. लागलं तेव्हा ते इंग्रजीत होतं. सोडियम दर १०० ग्रॅमला दिलेलं, पुड्यात १०० ग्रॅम नाहीत, टक्केवारी 'एका वाढणी'ची, आणि वाढणी म्हणजे किती ते तिसऱ्याच कोपऱ्यात. त्रैराशिक मांडत उभा होतो तर वाणी म्हणाला, "काका, तारीख बघताय का? ताजाच आहे माल." साडेबाराला शाळा सुटली. पोरांचा लोंढा आला आणि पाच मिनिटांत अर्धी लडी रिकामी झाली. इयत्ता चौथीतल्या मुलाने यात कोणती निवड केली? गिरणीमालकही म्हणतच होते की कामगार स्वखुशीने सातही दिवस येतो, नको असेल तर येऊ नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हा कामगाराचं कोणतं स्वातंत्र्य हिरावलं गेलं?

तिसरा आक्षेप ऐकताना मी गप्प होतो, कारण तो वेदनेतून येतो. देशात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, आणि तुम्हाला लठ्ठपणाचं पडलंय? हे खात्यापित्या घरचं दुखणं, असं आपली भाषाच सांगते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८.७ टक्के बायका कमी वजनाच्या निघाल्या, तर २४ टक्के जास्त वजनाच्या. आणि ही दोन टोकं दोन वेगळ्या घरांत राहतात असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलांचा माग घेत आहेत. तिथली बाळं इंग्रज बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून मेदाळ. पोटात असताना उपाशी राहिलेलं मूल पुढे स्वस्त साखर-तेलाला जास्त बळी पडतं. म्हणजे भूक आणि लठ्ठपणा ही भांडणारी दोन दुखणी नाहीत, एक दुसऱ्याची जमीन नांगरून ठेवतं. काही वर्षांपूर्वी शाळेतल्या गरम जेवणाऐवजी बिस्किटांचे पुडे द्यावेत म्हणून उत्पादकांनी खासदारांना पत्रं लिहिली होती. भुकेच्या नावाने कोण काय विकायला बघतं, हे त्यावरून कळतं. ती मागणी फेटाळली गेली, हे आपलं नशीब.

जास्त बोचणारी विषमता आणखी एका ठिकाणी दिसते. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने बाळांच्या सेरेलॅकची तपासणी जाहीर केली. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये घातलेली साखर, आणि त्याच कंपनीच्या मायदेशी, स्वित्झर्लंडमध्ये, मुख्य वाणांत ती नाही. नेस्लेचं म्हणणं होतं की आम्ही स्थानिक नियम पाळतो आणि साखर कमीच करत आणली आहे. पहिलं वाक्य खरं आहे, आणि रोग नेमका तिथेच आहे. त्याच वर्षी भारतात साखर न घातलेले प्रकार आणण्याची घोषणाही झाली. मग ते आधी का अशक्य होतं?

गाडीवाल्याचं काय? इथे मी समोशाच्या बाजूने आहे. वडापावच्या गाडीला लेबल चिकटवणं हा मूर्खपणाच ठरेल. गाडीवाल्याला लाखोंची जाहिरात परवडत नाही, तो चौथीतल्या मुलाला कार्टून दाखवून बोलावत नाही, आणि त्याचं तेल किती काळं आहे ते आपल्याला दिसतं तरी. नियम हवा तो कारखान्यातल्या पुड्याला. गंमत म्हणजे जुलैतल्या गदारोळात समोशाला पुढे करून सुटला तो पुडाच.

आणि उपयोग होतो का? चिलीने २०१२ साली कायदा केला, २०१६ पासून लागू केला. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असतील तर पुड्याच्या दर्शनी भागावर काळा अष्टकोन. अशा पुड्यावर मुलांना भुलवणारी चित्रं नाहीत, शाळेत विक्री नाही. मक्याच्या पोह्यांच्या खोक्यावरचा तो प्रसिद्ध वाघसुद्धा तिथे गेला. पहिल्या टप्प्यात इशारा असलेल्या पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. मात्र चिलीतली मुलं बारीक झाली का? नाही, तसं म्हणता येत नाही, आणि तसं भासवणाऱ्यांनी या बाजूचं नुकसानच केलं आहे. डेन्मार्कने २०११ मध्ये आणलेला चरबीकर जेमतेम सव्वा वर्षात मागे घेतला. तीन पिढ्यांत बदललेलं खाणं एका लेबलने वळत नाही. पण आपण लेबलाकडून वजन मागतोच कशाला? पुड्यात काय आहे हे कळणं हाच हक्क आहे. तो परिणामाच्या टक्केवारीवर अवलंबून ठेवला, तर माहितीचा अधिकारही भ्रष्टाचार संपला नाही म्हणून रद्द करावा लागेल.

राहिला तो 'या कायद्याला दात कुठे आहेत' हा टोमणा. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने बाळदुधाच्या जाहिरातींवर आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८, विरोधात एकटी अमेरिका. कोणावरही बंधनकारक नव्हती. आपल्याकडे तो 'ग्लॅक्सो बेबी' आणि सुदृढ बालक स्पर्धांचा काळ. डब्यावरच्या गुबगुबीत बाळाकडे बघून आया स्वतःच्या दुधावर अविश्वास दाखवत. ११ वर्षांनी, १९९२ मध्ये, भारताने त्या बिनदाती संहितेवरून कायदा केला. डब्यावरचं बाळ गेलं, जाहिरात गेली, फुकटचे नमुने गेले. आज तिशीतल्या आईला बाळदुधाची टीव्हीवरची जाहिरात आठवत नाही, कारण ती तिने पाहिलेलीच नाही. १९९७ च्या विशाखा निकालाचंही तेच : देशात कायदा नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन नोकरीच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले, संसदेचा कायदा यायला २०१३ उजाडलं. दात नसलेल्या आजीनेच घर धरून ठेवलेलं आपण पाहतो की.

सध्याची स्थिती अशी. प्राधिकरणाने २०२२ मध्ये मसुदा आणला तो ताऱ्यांचा. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. वाईटातल्या वाईट पुड्यालाही अर्धा तारा! तारा म्हटलं की आपल्याला हॉटेल आठवतं, शाबासकी आठवते. तो इशारा कसा होणार? एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी लेबलाचा निर्णय तीन महिन्यांत मार्गी लावा म्हटलं, मग मुदत वाढवून दिली. त्याच २०२५ च्या आर्थिक पाहणीत सरकारच्याच अर्थतज्ज्ञांनी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर जादा कर सुचवला होता. आणि सप्टेंबरमध्ये झालं काय? शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी ठेवला, जो उपकर धरून आधीही तेवढाच होता. बिस्किटं, चॉकलेटं, आइस्क्रीम, नूडल्स, फरसाण यांचा मात्र ५ टक्क्यांवर आणला. दिवाळीच्या तोंडावर कोणाला नको होतं?

'आपल्या लोकांना चिन्हं कळणार नाहीत, आधी शिक्षण द्या', असं एका चर्चेत कोणीतरी ठासून सांगितलं. मला पुन्हा ते वाण्याचं दुकान आठवलं. श्रावणातला सोमवार होता. एक आजी नातवाचं बोट धरून आल्या. त्याने लडीतला एक पुडा ओढला. आजींना अक्षरओळख कितपत होती कोण जाणे. त्यांनी तो पुडा हातात घेतला, मागची इंग्रजी बाजू पाहिलीसुद्धा नाही, पुढच्या कोपऱ्यातला तो चौकटीतला ठिपका शोधला, देशभर प्रत्येक पुड्यावर असतो तो. डोळ्यांजवळ नेऊन नीट निरखला. "हिरवा आहे, चालेल," म्हणाल्या, आणि कनवटीची दहाची नोट पुढे केली.